चार कोपऱ्यांची हळद

कृष्णरावांनी ते पत्र तीनदा वाचलं, एकदा चष्मा काढून आणि दोनदा घालून, आणि मग घडी करत म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम आहे."

वसंताने त्याच क्षणी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ठेवलं, म्हणून हा अर्धा तास नेमका किती लांबीचा होता ते आज सांगता येतं. तो एकोणचाळीस दिवसांचा होता.

पत्र शाळेच्या गाईड पथकाच्या नावाने आलं होतं. जर्मनीत डोंगरावर तंबू ठोकून मुलींचं तीन आठवड्यांचं शिबिर भरणार होतं, एकोणीस देशांच्या मुली येणार होत्या, आणि अख्ख्या कुंभकोणमातून एकच नाव निवडलं गेलं होतं. ते वसंताचं. आता, वसंता ही काही पहिल्यापासून निवडली जाणारी मुलगी नव्हती. गेल्या वर्षापर्यंत वर्गात तिला प्रश्न विचारला की ती पायाच्या अंगठ्याने फरशीवर कोलमची रांगोळी काढायची. पण यंदा वक्तृत्वाच्या स्पर्धेत तिने तोंड उघडलं, ते काही केल्या मिटेना, आणि परीक्षकांनी घाबरून बक्षीस दिलं. तेव्हापासून तिला वाटू लागलं होतं, की जगातली बहुतेक कामं आपण अजून तिथे पोहोचलो नाही म्हणूनच अडून राहिली आहेत.

पत्राच्या खाली एक अट होती. मुलगी पंधरा वर्षांची, तेव्हा आई आणि वडील दोघांचं संमतिपत्र हवं. त्यावर दोघांनी नोटरीसमोर सही करायची. नोटरीचा शिक्का खरा आहे असा मद्रासेतल्या सरकारी कचेरीने शिक्का मारायचा. आणि सरकारी कचेरीचा शिक्का खरा आहे असा त्या देशाच्या वकिलातीने त्यावर शिक्का मारायचा. हे सगळं एकोणीस जुलैच्या दुपारी बाराच्या आत. नाही जमलं तर जागा तिरुचीच्या एका मुलीला. ही तिरुचीची मुलगी वसंताने कधी पाहिली नव्हती, पण तिला ती रोज डोळ्यांपुढे दिसे: तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली, ट्रंक भरून दारात बसलेली.

कृष्णरावांना अर्धा तास वाटला यात त्यांची चूक नव्हती. नगरपालिकेच्या पाणीखात्यात ते हेडक्लार्क. बावीस वर्षं लोकांच्या कागदांवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असं लिहून सही करत आलेले. आपल्याच सहीवर दुसऱ्या कोणी सही करायची, आणि त्या दुसऱ्यावर तिसऱ्याने, ही कल्पनाच त्यांना जरा अपमानाची वाटली. पण मुलीसाठी म्हणून त्यांनी ती गिळली.

घरात खरा प्रश्न अम्माचा होता. मीनाक्षीबाई तीन दिवस काहीच बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी कॉफीचा पितळी वाटी-पेला, डबरा-टंबलर, वसंतापुढे ठेवला आणि विचारलं, "तेथे थंडी असते म्हणे. लोकर घेशील ना?" म्हणजे झालं. या घरात होकार असाच येतो, दुसऱ्याच वस्तूचा हात धरून.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे शेषाद्री मामा सबरजिस्ट्रार कचेरीतून निवृत्त झालेले. ते दिवसभर तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, पाय सोडून बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला कायदा सांगत. ते म्हणाले, नोटरी हा प्राणी नवाच आहे, कायदा आत्ताआत्ता लागू झाला, अख्ख्या गावात एकच नेमलाय, वकील चंद्रमौली अय्यर. मात्र शुक्रवारी जाऊ नका, कारण साडेदहा ते बारा राहुकाळ, शुभकामाला वर्ज्य वेळ, आणि बाराला तो कोर्टात. सोमवारी जाऊ नका, सोमवारी तो उपाशी असतो आणि उपाशी वकील भांडतो. पलीकडच्या अंबाबाईंचं म्हणणं, की सही करताना पूर्वेला तोंड करावं. कोणी म्हणालं निळी शाई, कोणी म्हणालं काळी. कृष्णराव सगळ्यांना हो म्हणत गेले. गल्लीत राहायचं तर हे करावंच लागतं.

चंद्रमौली अय्यर म्हणजे काय वर्णावं. नेमणूक होऊन अकरा महिने झाले होते आणि परदेशी जाणारा एक कागद म्हणून त्यांच्याकडे आला नव्हता. त्यांचा पितळी शिक्का, तो कागदात ठसा उठवणारा दाबाचा, त्यांनी रेशमी फडक्यात बांधून ठेवला होता. रोज संध्याकाळी ते कोऱ्या कागदावर तो दाबून बघत, गंजू नये म्हणून. 'जर्मनी' हा शब्द ऐकताच ते खुर्चीतून उठले, आत गेले आणि कोट घालून आले.

त्यांनी संमतिपत्र मोठ्याने वाचलं, इंग्रजीत, मग तमिळमध्ये अर्थ सांगितला. मग मीनाक्षीबाईंना गंभीर आवाजात विचारलं, की अम्मा, ही सही तुम्ही राजीखुशीने, कोणाच्या दबावाखाली न येता करत आहात ना? मीनाक्षीबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि तमिळमध्येच विचारलं, की तुम्ही सकाळपासून काही खाल्लं आहे का? चंद्रमौलींनी ते उत्तर होकार म्हणून नोंदवलं.

मग अम्माने सही केली. तिचे वडील तंजावरच्या राजवाड्याच्या दफ्तरात कारकून होते, त्यांनी तिला मोडी शिकवली होती. लेखणी एकदा टेकली की सहीच्या शेवटालाच उठायची. चंद्रमौलींनी कागद एकदा उलटा, एकदा सुलटा करून पाहिला, आणि खाली लिहिलं की ही सही माझ्यासमोर झाली. ते तर खरंच होतं. शिक्का दाबला, ठसा उठला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

कृष्णराव एकटेच रेल्वेने मद्रासला गेले, इस्त्रीचं धोतर आणि बंद गळ्याचा कोट घालून. तिसऱ्या दिवशी परतले ते पायऱ्यांवर चप्पल न वाजवता. कागद तसाच परत आणला होता.

मग वसंताला त्यांच्याकडून एकेक तुकडा काढावा लागला. सरकारी कचेरीतल्या कारकुनाने कागद दोन बोटांत धरला होता. उजेडाकडे नेला होता. चारी कोपऱ्यांतले पिवळे-तांबडे डाग बघितले होते. आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, "काय रायर, सही जेवता जेवता केली का? सांबार कसं होतं?"

तमिळ लोक आमच्या मराठी माणसांना रायर म्हणतात. मानाने म्हणतात. पण त्या दिवशी त्यात मान नव्हता. कृष्णरावांनी पुढे आठ दिवस सांबाराला हात लावला नाही, रसमावर राहिले.

डाग म्हणजे अर्थातच हळद-कुंकू. कोऱ्या मुद्रांक-कागदाला अम्माने सहीच्या आदल्या दिवशी देवापुढे ठेवून चारी कोपऱ्यांना बोट लावलं होतं. त्यात विशेष असं काही घडलंय हे घरात कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. लग्नपत्रिकेला लावतात, नव्या वहीला लावतात, नव्या कपड्याच्या कोपऱ्याला लावतात. चंद्रमौलींच्या स्वतःच्या पक्षकारांच्या फायली कोपऱ्यांना पिवळ्या होत्या, त्यांना तो कागदाचाच रंग वाटला होता. कुंभकोणमात हळद न लागलेला कागद शोधायला जावं लागतं. मद्रासेत मात्र लेखी आक्षेप आला: कागदावर खुलासा नसलेले डाग आहेत, नवा करून आणावा.

"नवा करू," कृष्णराव म्हणाले. "या खेपेस कोरा."

"कोऱ्या कागदावर मी सही करणार नाही," अम्मा म्हणाली.

ती ओरडली नाही. तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. वसंताला आधी वाटलं ही रुसली आहे, थोड्या वेळाने उतरेल. मग अम्मा सुपाकडे बघतच म्हणाली, "माझा बाप गेला तेव्हा कार्ड आलं. पोस्टमन दारात उभा होता, आणि मी अक्षर वाचलंच नाही. कोपरे पाहिले. कोरे होते. तेथेच बसले. वसंते, कोरा कागद कशाचा असतो ते या गल्लीतल्या पोरासोरांस ठाऊक आहे. तुझं नाव घालून तसला कागद समुद्रापार मी धाडायची नाही. तुझे अप्पा काही म्हणोत."

वसंताने सूप जवळ ओढलं आणि ती खडे वेचू लागली, वाद न घालता, त्या वर्षात पहिल्यांदाच.

पुढचे दिवस घर दोन पक्षांत विभागलं गेलं. अम्मा आणि अप्पा एकमेकांशी वसंताच्या मार्फत बोलत. "तुझ्या अम्मास सांग, मीठ कमी आहे." "तुझ्या अप्पांस सांग, मद्रासेस जास्त असतं." गल्लीने मात्र प्रश्न अंगावर घेतला. शेषाद्री मामा म्हणाले, हळद पाकिटाला लावा, कागदाला नको. अम्मा म्हणाली, पाकीट फाडून टाकतात. अंबाबाई म्हणाल्या, मागच्या बाजूला लावा. अम्मा म्हणाली, आशीर्वाद काय पाठीमागून देतात? कोणी चंदनाचा पर्याय आणला, रंग दिसणार नाही म्हणून. अम्मा म्हणाली, लपवून लावायला मी काय चोरी करते आहे? जुलैची सतरा तारीख उजाडली. तिरुचीची मुलगी आता वसंताच्या स्वप्नात ट्रंकेला दोरी बांधू लागली होती.

त्या दिवशी वसंता अप्पांबरोबर चंद्रमौलींकडे गेली, निदान नवा कागद टाइप तरी करून ठेवावा म्हणून. टाइप करणाऱ्याने सवयीने वर्ष छप्पन्न मारलं. पण चंद्रमौलींनी शांतपणे सहावर रेघ मारली, वर सात लिहिला, समासात 'एक आकडा खोडला' असं लिहून खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला.

"म्हणजे आता ती चूक राहिली नाही?" वसंताने विचारलं.

चंद्रमौली म्हणाले, चूक सांगून टाकली, त्यावर सही केली, की ती दस्तऐवजाचा भाग होते. न सांगितलेली तेवढी चूक.

वसंता खोडलेल्या आकड्याकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "मग हळदसुद्धा सांगून टाकू या ना."

कृष्णराव तिला गप्प करायला हात उचलणार, तोच त्यांनी चंद्रमौलींचा चेहरा पाहिला आणि हात खाली घेतला. अकरा महिन्यांची भूक त्या चेहऱ्यावर एकदम जागी झाली होती. चंद्रमौलींनी कायद्याचं पुस्तक ओढलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं आणि जाहीर केलं, की यात हळदीला कोठेही मनाई नाही.

कलम वसंताने शाळेच्या इंग्रजीत लिहिलं, चंद्रमौलींनी त्यात 'उपरोक्त' आणि 'तदनुसार' अशा अर्थाचे दागिने घातले. मतलब असा: या कागदाच्या चारी कोपऱ्यांतल्या चार पिवळ्या खुणा हळदीच्या असून, त्या मुलीच्या आईने स्वहस्ते, रूढीप्रमाणे, संमतीची निशाणी म्हणून लावल्या आहेत, आणि त्या या दस्तऐवजाचा अविभाज्य भाग आहेत. एक खूण जरी नसेल तरी हा कागद अपुरा समजावा. हे शेवटचं वाक्य चंद्रमौलींचं. ते लिहिताना ते उभे राहिले होते.

फक्त कुंकवाला ते तयार होईनात. लाल रंग कोर्टाचा, म्हणाले. लाल दिसलं की वरच्या कचेरीला खाडाखोड वाटते. हळद मी लढवीन, कुंकू माझ्या ताकदीबाहेर आहे.

अम्माला तिथेच बोलावून आणलं. तिने सगळं ऐकून घेतलं. कलमाचा अर्थ दोनदा विचारला. 'आईने स्वहस्ते' हे शब्द तिने परत म्हणून घेतले. मग म्हणाली, "हळद आहे आणि कुंकू नाही, हे काय बरं दिसतं?" पण चारी कोपऱ्यांना हळदीचं बोट लावलं आणि सही केली, लेखणी न उचलता. आणि म्हणाली, "मद्रासेस मीही येते. कुंकवाची डबी कमरेला ठेवते. कोठे ना कोठे लावायला मिळेल."

एकोणीस जुलै, शुक्रवार. एग्मोर स्टेशनाच्या नळावर तोंडं धुऊन तिघं जण सव्वादहाला सरकारी कचेरीत त्याच खिडकीपुढे उभे होते. तोच कारकून. त्याने कृष्णरावांना ओळखलं, ओठांच्या कोपऱ्यात हसू आणलं आणि कागद दोन बोटांत धरला. मग त्याची नजर कलमावर गेली. त्याने ते एकदा वाचलं, आणि दुसरं बोट, तिसरं बोट करत कागद हळूहळू पूर्ण हातात घेतला. आत जाऊन कोणाला तरी दाखवून आला. कायद्याने बोलायला जागा नाही म्हटल्यावर तो कोपरे मोजू लागला.

"चार लिहिलंय," तो म्हणाला. "इथे साडेतीन आहेत."

खरंच होतं. गाडीत फायलीच्या नाडीने एक कोपरा घासला गेला होता, पिवळा उरला होता तो नखाएवढा. कृष्णरावांचा चेहरा बघवेना. त्यांनीच ती नाडी आवळून बांधली होती, काळजीने, तीन गाठी मारून.

कारकून म्हणाला, जेवणाच्या सुट्टीनंतर अडीचला या, साहेबांना विचारून सांगतो. वसंताने सांगितलं, की वकिलात बाराला कागद घेणं बंद करते. तो म्हणाला, ते वकिलातीला सांगा.

आणि इथे मीनाक्षीबाई पुढे आल्या. त्यांनी कारकुनाकडे पाहिलंच नाही, त्याच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि साध्या घरगुती तमिळमध्ये म्हणाल्या, की दहा वाजून वीस मिनिटं झाली, दहा मिनिटांत राहुकाळ लागेल. शुभाच्या कागदाला तुम्ही राहुकाळात हात लावणार आहात, की आत्ता?

कारकुनाने घड्याळ पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसानेही पाहिलं. त्याच्या पलीकडच्याने हातातलं पेन खाली ठेवलं आणि परत उचललं. मग त्या कचेरीत जे झालं ते सरकारी कचेरीत होत नसतं. कोणी शाईची गादी आणली, कोणी रजिस्टर उघडून ठेवलं, साहेबांच्या खोलीचं दार कोणी तरी धरून ठेवलं. अम्माने कमरेची डबी काढली. तिच्या एका कप्प्यात कुंकू होतं, दुसऱ्यात हळद. आईने स्वहस्ते असं लिहिलंच होतं, तेव्हा दुसऱ्या कोणाला ते करताच आलं नसतं. अख्खी कचेरी बघत असताना तिने चौथ्या कोपऱ्याला बोट टेकलं. कारकुनाने समासात लिहिलं, 'एक खूण माझ्यासमोर पूर्ण केली', आणि सही केली. दहा अठ्ठावीसला साहेबांचा शिक्का बसला.

कागद परत देताना कारकून अप्पांना हळूच म्हणाला, "रायर, त्या दिवशीचं मनात ठेवू नका."

"सांबार छान होतं," कृष्णराव म्हणाले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतकं चोख उत्तर दिलेलं कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही.

वकिलातीच्या फाटकापाशी मात्र अम्मा थांबली. अकराला पाच कमी, राहुकाळ भर रंगात. नवं दार, नवा माणूस, अशा वेळी ती पाऊल टाकेना. कृष्णराव विनवून दमले. वसंता फाटकातून डोकावली. समोरच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या दिवाणखान्यात दोन घड्याळं शेजारी शेजारी लावलेली होती, एकाखाली मद्रास लिहिलेलं आणि दुसऱ्याखाली बॉन.

"अम्मा, नागरिकशास्त्राच्या बाईंनी सांगितलंय, वकिलातीच्या आत त्यांचा देश समजतात. आणि त्यांच्या देशात बघ, अजून साडेसहासुद्धा वाजले नाहीत. पहाट आहे."

अम्माने मान लांब करून दोन्ही घड्याळं पाहिली. शेषाद्री मामा तिथे असते तर त्यांनी यावर आठवडाभर खल केला असता. अम्माने क्षणभर केला. "पहाटेस राहुकाळ नसतो," ती म्हणाली आणि उजवं पाऊल जर्मनीत टाकलं.

जर्मन वकील, म्हणजे वकिलातीचे प्रमुख, उंच, गुलाबी आणि अतिशय सभ्य होते. त्यांनी कलम वाचलं, परत वाचलं, कागद नाकाजवळ नेऊन कोपऱ्याचा वास घेतला. मग वडिलांकडे नाही, आईकडे नाही, थेट वसंताकडे बघून इंग्रजीत विचारलं, की याचा अर्थ काय?

फरशी फार गुळगुळीत होती. पायाच्या अंगठ्याला जुनी आठवण झाली. पण वसंताने पाय जुळवले, गाईड उभी राहते तशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "याचा अर्थ, माझ्या आईने चार वेळा हो म्हटलं आहे, सर."

वकिलांनी मान लववून अम्माला नमस्कार केला. मग त्यांनी टेबलावरची मेणबत्ती पेटवली, खणातून लाखेची कांडी काढली आणि ज्योतीवर धरली. थेंब कागदावर पडू लागले. लालभडक, दाट, कुंकवासारखे. सह्यांच्या खाली एक मोठा गोल टिळा झाला. त्यावर त्यांनी आपला शिक्का दाबला.

अम्मा टेबलापर्यंत पुढे गेली. ओणवी होऊन तिने तो लाल गोल पाहिला, मग चार पिवळे कोपरे पाहिले. कमरेच्या डबीवर पक्का धरलेला तिचा हात हळूच सुटला.

"कुंकू लागलं," ती म्हणाली. "आता जा, वसंते."

तिरुचीच्या मुलीने त्याच क्षणी ट्रंक उघडून कपडे परत फळीवर ठेवले असतील, असं वसंताला वाटलं, आणि तिला तिच्याबद्दल पहिल्यांदाच थोडी माया वाटली.

बाहेर पडताना कृष्णरावांनी मागे वळून मद्रासच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा पंचवीस. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं, फाइल काखेत मारली, आणि पहिल्यांदाच मध्ये वसंताला न घेता थेट बायकोशी बोलले.

"मी म्हटलं नव्हतं? अर्ध्या तासाचं काम."

"तुम्हांसच ठाऊक," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "नाडी इकडे द्या ती."